हळदीच्या मांडवातला रॉक : भिवंडी तालुक्यातील बेंजोवादकांस खुले पत्र

प्रति,
भिवंडी तालुक्यातील बेंजो पथकांचे सर्व आजी-माजी वादक यांस,


बालपणाच्या आठवणींवर मराठीत जे विपुल लेखन झाले आहे त्यात आजोळचे घर, शाळेची पाटी, आमराई आणि सणासुदीची पक्वान्ने यांना मानाचे स्थान मिळाले. मात्र ज्या आवाजांच्या संगतीने एखाद्या गावातील मुले मोठी झाली, त्या आवाजांची दखल त्या मानाने फारच थोडी घेतली गेली. मुंबई-नाशिक महामार्गाच्या आजूबाजूच्या माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात ज्यांचे बालपण विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत गेले, त्यांच्या कानात बसलेला आवाज कोणता, असे विचारले तर उत्तर शोधत बसावे लागत नाही. हळदीच्या रात्री मांडवाच्या तोंडाशी, वरातीच्या पुढ्यात आणि गणपतीच्या मिरवणुकीत हातगाडीवरच्या कर्ण्यातून फुटणारा, पत्र्यासारखा टणक, किंचित चिरका आणि तरीही गोड असा बेंजोचा आवाज हाच तो होय. प्रस्तुत पत्राचा लेखक याच पिढीचा आणि याच दापोड्याचा असल्यामुळे त्याच्या म्हणण्यात जिव्हाळ्याचा अंश अधिक असणार, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

पाश्चात्त्य संगीतात ‘क्लासिक रॉक’ नावाची एक संज्ञा आहे. साधारणपणे १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकापर्यंत ब्रिटन आणि अमेरिका येथे विजेच्या गिटारीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या गाण्यांना ती लावली जाते. ही संज्ञा त्या गाण्यांच्या जन्माच्या वेळी अस्तित्वात नव्हती; १९८० च्या दशकात अमेरिकेतील रेडिओ केंद्रांनी संसाराला लागलेल्या श्रोत्यांना त्यांच्या तरुणपणीची गाणी पुन्हा ऐकवायला सुरुवात केली, तेव्हा ती रूढ झाली. म्हणजे ज्या गाण्यांना एके काळी घरातील वडीलधाऱ्यांनी गोंगाट म्हणून नाके मुरडली, त्यांवर ‘क्लासिक’ असा शिक्का बसला तो कोणा पंडिताच्या निर्णयाने नव्हे. ऐकणारी मुले मोठी झाली आणि त्यांनी ती गाणी विसरायला नकार दिला, म्हणून तो बसला. लिव्हरपूल किंवा बर्मिंगहॅम येथील मुलांच्या मनात जे स्थान त्यांच्या गिटारीचे, तेच स्थान भिवंडीच्या या पट्ट्यातील मुलांच्या मनात आपल्या बेंजोचे आहे, आणि ही तुलना केवळ प्रेमापोटी सुचलेली नसून वाद्याच्या घडणीत, आवाजाच्या जातीत आणि वादकांच्या शिक्षणपद्धतीत तिला आधार आहे, असे या पत्राचे म्हणणे आहे.

आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतील बँजो या वाद्याशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. अमेरिकी बँजोला डफासारखे गोल, कातड्याने मढवलेले तोंड असते आणि लांब मान असते. आपला बेंजो ही लांबट लाकडी पेटी; तिच्यावरून तारा ताणलेल्या असतात, तारांच्या वर कळांची रांग असते, आणि डाव्या हाताने कळ दाबली की तिच्या खालची पट्टी तारेला ठरावीक जागी टेकते व उजव्या हातातील नखीने छेडलेल्या तारेतून त्या जागेचा स्वर निघतो. या वाद्याचे मूळ जपानमध्ये आहे. नागोया शहरातील मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये, म्हणजे जपानचा ताइशो कालखंड सुरू झाला त्याच वर्षी, तेथील पारंपरिक दोन तारांच्या वाद्याला टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवल्या आणि त्याला ‘ताइशोगोतो’ हे नाव मिळाले. पुढे ते भारतात आले तेव्हा त्याचे बारसे ‘बुलबुल तरंग’ असे झाले, बलुचिस्तानात त्याला ‘बेंजू’ म्हणू लागले आणि मुंबई-ठाणे-रायगडच्या मिरवणुकांत ते ‘बेंजो’ झाले. गिटार शिकायची तर आधी बोटांना तारेवरची अचूक जागा सापडावी लागते. बेंजोत ती जागा कळेने आधीच नेमून दिलेली असते. त्यामुळे ज्याच्या घरात कोणी गवई नव्हता, ज्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती आणि ज्याने दिवसभर शेतावर, रेतीच्या होडीवर किंवा मागावर काम केले होते, अशा माणसालाही ऐकलेले गाणे या पेटीतून काढता आले. संगीत शिकण्याची पायरी एवढी खाली आणणारे वाद्य लोकांच्या हाती लागते तेव्हा काय घडते, याचे उत्तर म्हणजे आपली पथके होत.

कळांच्या या सोयीची किंमतही आपण मोजली आहे आणि ती किंमत चुकवताना जे कौशल्य घडले ते जवळून पाहण्यासारखे आहे. कळ दाबली की स्वर तेथेच उभा राहतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, ज्याला शास्त्रीय संगीतात मींड म्हणतात, ते या वाद्याला जात्याच जमत नाही. गिटारवादक तार बोटाने बाजूला ओढून स्वर वाकवतो. बेंजोवादकाला ती वाट बंद असल्यामुळे तो मधल्या कळांवरून बोट झरकन फिरवून, आणि त्याच वेळी उजव्या हाताची नखी तारेवर खाली-वर अतिशय वेगाने चालवून, तुटक स्वरांची अशी दाट माळ लावतो की ऐकणाऱ्याला ती सलग वाटावी. नखीची ही थरथर हाच बेंजोचा प्राण आहे. एकच कळ दाबून धरून ती थरथर वाढवत नेली की नाचणारा माणूस पाय उचलून थांबतो, आणि डाव्या हाताने पुढची कळ दाबली की तो पाय टेकतो. हे शास्त्र कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही, ते आपल्या मनगटात आहे.

पेटीला पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या लहरीत बदलणारा छोटा भाग, जोडला गेला आणि तिची तार ॲम्प्लिफायरमधून कर्ण्यापर्यंत पोहोचली, तेव्हा बेंजोने रॉकच्या घरात खऱ्या अर्थाने पाऊल टाकले. रॉक संगीतात ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात तो परिणाम म्हणजे यंत्राला झेपेल त्याहून अधिक ताकदीचा आवाज त्यातून काढल्यावर ध्वनिलहरीची टोके कापली जाऊन येणारा खरखरीतपणा होय. लंडनच्या द किंक्स या चमूतील डेव्ह डेव्हिस या तरुणाने आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा दाढीच्या पात्याने चिरला आणि १९६४ मध्ये त्या फाटक्या आवाजाच्या जोरावर त्यांचे गाणे जगभर गाजले, ही हकीकत रॉकच्या इतिहासात मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. मिरवणुकीतील कर्णा हा मुळात भाषणासाठी बनलेला. त्याला खर्जाचे स्वर पेलत नाहीत आणि वरचे स्वर तो कडक करून बाहेर टाकतो. त्यातून बेंजो पूर्ण ताकदीने वाजवला की जी धार येते तिच्यासाठी पात्याची गरज पडली नाही. जनरेटर, जुना ॲम्प्लिफायर आणि कर्णा यांच्या संसारातून ती आपोआप जन्मली. तिला दोष समजण्याची सवय आता सोडून द्यावी, कारण जगाच्या दुसऱ्या टोकाला तोच दोष मुद्दाम विकत घेता यावा म्हणून लोकांनी खास पेडल बनवली आहेत.

रॉकमधील दुसरी महत्त्वाची संज्ञा ‘रिफ’ ही आहे. गाण्याच्या आरंभी येणारा, पुनःपुन्हा परतणारा आणि दोन-तीन स्वरांतच ओळख पटवून देणारा छोटा स्वरसमूह म्हणजे रिफ. तबल्याच्या साथीला सारंगीवर किंवा हार्मोनियमवर जो लेहरा फिरत राहतो त्याच्याशी त्याचे नाते लावता येईल. डीप पर्पल या इंग्लिश चमूच्या १९७२ च्या ‘मशीन हेड’ या तबकडीतील ‘स्मोक ऑन द वॉटर’ची चार स्वरांची रिफ जगातील बहुतेक प्रत्येक नवशिका गिटारवादक सर्वांत आधी शिकतो, असे मानले जाते. आपल्याकडे तो मान निःसंशय नागिणीच्या सुरावटीचा आहे. १९५४ च्या ‘नागिन’ या चित्रपटाचे संगीत हेमंतकुमार यांचे. परंतु त्यातील पुंगीचा जो आवाज देशभर घुमला तो गारुड्याच्या पुंगीतून आलेला नव्हता. पुढे आनंदजींच्या जोडीने संगीतकार म्हणून नावारूपाला आलेल्या कल्याणजी यांनी तो क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या कळफलक-वाद्यावर वाजवला होता. याच जातीचे वाद्य १९६७ मध्ये बीटल्स या लिव्हरपूलच्या चमूने आपल्या ‘बेबी, यू आर अ रिच मॅन’ या गाण्यात वापरले, आणि तेथेही ऐकणाऱ्याला पूर्वेकडच्या एखाद्या फुंकवाद्याचा भास होतो. बीटल्सपैकी जॉन लेननच्या बोटांखाली ज्या जातीचे यंत्र आले ते तेरा वर्षे आधीच कल्याणजींच्या बोटांखाली वाजून गेले होते, आणि ती सुरावट पुढे बेंजोच्या कळांवर उतरून दापोड्याच्या मांडवात रुमाल तोंडात धरून लोळणाऱ्या वऱ्हाड्यांपर्यंत पोहोचली. या सुरावटीला हलके समजणाऱ्यांनी तिची ही वंशावळ एकदा पाहावी.

या पिढीच्या बालपणातील बेंजोचे स्थान समजून घेताना तो काळ नजरेसमोर आणावा लागतो. दापोड्याच्या भोवती तेव्हा भातशेती होती. आज जेथे गोदामांच्या निळ्या-पांढऱ्या पत्र्यांच्या रांगा दिसतात आणि कंटेनर वळवायला जागा शोधत उभे असतात, तेथे पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात आवण लावले जाई. करमणुकीसाठी मुंबई दूरदर्शनवरील ‘छायागीत’ होते, रेडिओ होता आणि कॅसेट होती. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये जगासमोर आणलेली ही बोटभर जाडीची डबी १९८० च्या दशकात भारतात स्वस्त झाली, आणि तिच्यामुळे कोळीगीते, आगरी गीते, आनंद शिंदे यांच्यासारख्या गायकांची लोकगीते ही मोठ्या कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून न राहता गावोगाव पोहोचली. फीत गुंतली की दाताच्या चाकात पेन्सिल घालून ती पुन्हा गुंडाळण्याचे काम घरातील लहान मुलाकडे असे, आणि ते काम करताना जीभ दातांखाली धरलेली असे. फीत ताणली गेली की तेवढ्या जागी गाणे थोडे बुडून पुन्हा वर येई. ज्यांनी ते गाणे त्या डबीवर शेकडो वेळा ऐकले, त्यांना आज तेच गाणे मोबाइलवर स्वच्छ ऐकताना त्या जागी ते बुडत नाही म्हणून चुकल्यासारखे वाटते. बेंजो मात्र कॅसेटसारखा हवा तेव्हा लावता येत नसे. तो लग्नसराईत येई, गणपतीत येई, चैत्रात एकवीरा आईच्या पालखीबरोबर येई आणि निघून जाई. म्हणून हातगाडी गावाच्या वेशीवर आल्याची वर्दी घेऊन मुले धावत सुटत आणि जनरेटरच्या धुराच्या वासालाही त्यांच्या लेखी सणाचा वास असे. पथक जेवायला बसले की पेटीजवळ घुटमळावे आणि कोणाचे लक्ष नसेल तेव्हा एक कळ दाबून पाहावी, तारा छेडल्याशिवाय तिच्यातून काहीच निघत नाही हे कळूनही पुन्हा दाबावी, हा त्या वयाचा नेम होता.

भिवंडी शहराची ओळख यंत्रमागांची आहे आणि यंत्रमागाचा आवाज या संपूर्ण विषयापासून वेगळा काढता येत नाही. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो, फणी आपटते, आणि ही खटखट दिवसरात्र एका लयीत चालते. मागाच्या खोलीत वाढलेल्या मुलाला शांततेत झोप लागत नाही, असे शहरात सर्रास म्हटले जाते. बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधील असेच कारखान्यांचे शहर, आणि रॉकमधील ‘हेवी मेटल’ हा सर्वांत जड, ठोक्याचा प्रकार तेथेच उभा राहिला, यात अनेकांना त्या शहराच्या घणांचा प्रतिध्वनी ऐकू येतो. या प्रकाराचा पाया घालणाऱ्या ब्लॅक सॅबथ या चमूचा गिटारवादक टोनी आयोमी हा तेथील पत्र्याच्या कारखान्यातील कामगार होता. वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे तुटली, आणि डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या. गिटारीच्या नेहमीच्या तारा त्या टोप्यांनी दाबवेनात तेव्हा बँजोच्या पातळ तारा चढवून पाहिल्या, आणि पुढे तारा सैल करून सूर खाली उतरवला. त्या सैल, खोल सुरातून जो आवाज आला त्याने १९७० नंतरच्या रॉकची दिशा बदलली. कारखान्यातील अपघात, हाताशी आलेले सामान आणि हार न मानणारा जीव एवढ्यातून एक नवे संगीत निघाले, ही गोष्ट भिवंडीतील वादकांना परक्या मुलखातील वाटण्याचे काही कारण नाही. रात्रपाळी करून वरातीला वाजवायला उभे राहिलेले हात आपल्या पथकांत पिढ्यान्पिढ्या होते.

बेंजो पथके दुसऱ्यांची गाणी वाजवतात, त्यांचे स्वतःचे काही नसते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो आपल्यापैकी काहींच्या मनातही घर करून बसलेला दिसतो. या आक्षेपाला रॉकच्या इतिहासाने फार पूर्वीच उत्तर दिले आहे. बीटल्सच्या १९६३ मधील पहिल्या तबकडीवरील चौदा गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची होती, आणि त्याआधी हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र-रात्र उभे राहून त्यांनी जे वाजवले त्यात उसनवारीच अधिक होती. महाराष्ट्रातील उदाहरण तर याहून जवळचे आहे. झांझिबारमध्ये १९४६ साली एका पारशी कुटुंबात जन्मलेला फारोख बलसारा हा मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला आला, तेथे त्याने मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा चमू केला, आणि ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत त्या वेळची गाजलेली परदेशी गाणी वाजवीत. तोच मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने क्वीन या चमूचा गायक झाला आणि १९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे जवळजवळ सहा मिनिटांचे, एकाच गाण्यात अनेक चाली गुंफलेले गाणे त्याने जगाला दिले. बेंजो पथकांनाही एकामागून एक चाली न थांबता गुंफाव्या लागतात. कोळीगीतावरून चित्रपटगीतावर, तेथून भक्तिगीतावर आणि पुन्हा नागिणीवर येताना ठेका तुटू द्यायचा नसतो. नक्कल हे शिक्षण होय. त्या शिक्षणातून आपली अशी वळणे कधी तयार झाली, हे वाजवणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही, परंतु ऐकणारा डोळे मिटूनसुद्धा कोणत्या गावचे पथक आले ते सांगू शकतो.

शिवाय आपल्या पायाखाली जी जमीन आहे ती उसनी मुळीच नाही. आगरी समाजाच्या लग्नात ‘धवला’ गाणारी ‘धवलारीण’ ही स्त्री लग्नाच्या प्रत्येक विधीला त्या-त्या विधीचे गीत म्हणते, आणि लग्न लावण्याचा मान परंपरेने तिच्याकडे असल्यामुळे तिचे स्थान एखाद्या पुरोहितासारखे मानले जाते. तिचा आवाज संथ, पुनरावृत्तीचा आणि कोणत्याही वाद्याविना चालणारा. हळदीच्या एकाच रात्री आधी धवला आणि मग बेंजो ऐकत जी मुले वाढली, त्यांच्या कानांनी एका समाजाच्या संगीताची दोन टोके एकत्र साठवली. दुर्दैवाने धवल्याचे थोडेबहुत संकलन झाले असले तरी बेंजोकडे अभ्यासकांची पाठच राहिली, कारण एकाला परंपरा म्हटले गेले आणि दुसऱ्याला धिंगाणा. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी रितेश देशमुख यांना घेऊन ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला आणि मुंबईतील बेंजोवादकाला पडद्यावर नायकपद दिले, ही लहान गोष्ट नव्हती. परंतु एका चित्रपटाने इतिहास लिहून होत नाही.

मुंबईतील रॉकप्रेमींनी आपल्या आठवणी कशा जपल्या, ते येथे पाहण्यासारखे आहे. धोबीतलावजवळच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर १९८० च्या मार्चमध्ये द पोलीस हा इंग्लिश चमू वाजवून गेला, १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवाने देशी चमूंना व्यासपीठ दिले, आणि आसपासच्या रुग्णालयांमुळे तो परिसर शांतता क्षेत्र ठरून तेथील मैफली थांबल्या तेव्हा त्याबद्दल हळहळ व्यक्त करणारे लेख आले. काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊस हे तबकड्या-कॅसेटचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हाही एका पिढीने आपले तारुण्य आठवून लिहिले. त्यांचे दुःख खरे होते आणि त्यांनी ते लिहून ठेवले, हे त्यांचे शहाणपण होते. त्याच वर्षांत भिवंडी तालुक्यातील किती पथके मोडली, कोणाच्या पेट्या माळ्यावर गेल्या, कोणी वाद्य विकून रिक्षा घेतली किंवा गोदामात हमाली धरली, याची ओळभरही नोंद कोठे सापडत नाही.

पथके कमी होण्याचे कारण आपणास ठाऊकच आहे. एक माणूस, एक संगणक आणि भिंतीएवढे स्पीकर यांवर चालणारा डीजे आठ-दहा वादकांच्या पथकापेक्षा लग्नघराला सोयीचा वाटतो आणि छातीत धडकी भरेल इतका खर्ज तोच देऊ शकतो. या स्पर्धेत आवाज वाढवून उतरणे ही मात्र चूक ठरेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी घातली आहे, आणि गावातील म्हातारी माणसे, तान्ही मुले व आजारी यांचा विचार केला तर तो नियम योग्यच म्हणावा लागेल. ज्या गुणांमुळे बेंजो या पिढीच्या मनात राहिला, ती नखीची थरथर, कळांवरची धाव आणि नाचणाऱ्याकडे पाहत ठेका आवरण्याची किंवा सोडण्याची समज, त्यांना मोठ्या आवाजाची गरज नाही. संगणकाला समोरचा माणूस दमला आहे हे दिसत नाही, बेंजोवाल्याला दिसते.

आता मूळ विनंती. जॉर्ज हॅरिसन या बीटलने १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ‘वंडरवॉल म्युझिक’ या तबकडीसाठी येथील वादकांना बोलावले, तेव्हा त्या तबकडीच्या वेष्टनावर संतूर वाजवणारे शिवकुमार शर्मा, तारशहनाई वाजवणारे विनायक व्होरा इत्यादींची नावे छापली गेली. म्हणून आज अर्ध्या शतकानंतरही कोणत्या जागी कोणाचा हात आहे ते सांगता येते. आपल्या पथकांचे मात्र नाव राहते आणि वादकाचे जाते. पथकाचे नाव गाडीच्या फलकावर रंगवलेले असते, पेटी कोण वाजवत होता ते त्याच्या आळीपलीकडे कोणाला ठाऊक नसते. यासाठी प्रत्येक गावातील वादकांनी एक साधी वही ठेवावी आणि तीत पथक कोणत्या साली निघाले, पेटी कोणी बनवली वा कोठून आणली, पिकअप प्रथम कोणी बसवला, कोण कोणाकडून शिकला आणि कोणत्या गावच्या हळदीत कोणती चाल पहिल्यांदा वाजली, हे ज्येष्ठांना विचारून लिहावे; जे आठवत नसेल ती जागा कोरी सोडावी, पण अंदाजाने भरू नये. दुसरे असे की ज्यांनी वाजवणे सोडले आहे त्यांच्या पेट्या माळ्यावरून उतरवून, नव्या तारा चढवून, एखाद्या दुपारी शांत खोलीत त्यांचे वादन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, आणि त्यात कर्णा नसावा, म्हणजे त्या हातांचे बारकावे प्रथमच स्वच्छ ऐकू येतील. दापोड्यातील ग्रामपंचायत, शाळा किंवा एखाद्या गोदामाचा रिकामा कोपरा यासाठी मिळवून देण्याची खटपट करण्यास या पत्राचा लेखक आणि त्याच्या वयाचे अनेकजण आनंदाने तयार आहेत, कारण यात त्यांचा स्वार्थ उघड आहे.

ध्वनिमुद्रणाची सुरुवात कोणत्या चालीने करावी याबद्दल वाद होण्याचे कारण दिसत नाही. नागिणीची सुरावट प्रत्येक वादकाने वाजवलेली आहे आणि प्रत्येकाची वेगळी आहे. कोणी पहिल्या स्वरावर नखी अधिक वेळ थरथरवतो, कोणी मधली एक कळ मुद्दाम गाळतो, कोणी उतरताना ठेक्याच्या किंचित मागे राहतो. वळच्या, पूर्णाच्या, राहनाळच्या, काल्हेरच्या आणि दापोड्याच्या एकेका जुन्या वादकाकडून ती एकच चाल घ्यावी, प्रत्येकाने वाजवण्यापूर्वी आपले नाव, गाव आणि गुरूचे नाव स्वतःच्या आवाजात सांगावे, आणि मग नखी उचलावी.



दापोडे, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे
आपल्या हातगाडीमागे धावलेल्या पिढीतील एक श्रोता